चांदोबाला तूप-रोटी, तुटत्या ताऱ्याला रामराम

आमच्या घरात आकाशाकडे कधी कुणी काही मागितलं नाही. द्यायचं मात्र बरंच असायचं. संकष्टीला चंद्र उगवला की त्याला अर्घ्य. कोजागरीला आटवलेल्या दुधात त्याचं बिंब पडेपर्यंत ताटकळायचं, मगच दूध प्यायचं. भाऊबीजेला जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, ताटात काही पडणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही. कार्तिकात उंच काठीला आकाशदिवा टांगायचा तो वर गेलेल्या आपल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. आकाश म्हणजे दात्याचं घर, असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उलट तिथे राहणारे सगळेच थोडे उपाशी, थोडे अडलेले, थोडे एकटे, आणि त्यांची विचारपूस करायची ती आपण, अशीच समजूत होती.

त्यामुळे माझ्या सहा वर्षांच्या भाचीने एका रात्री गच्चीवर मला नियम समजावून सांगितले, तेव्हा मला आधी आजी आठवली. नियम असे: शूटिंग स्टार दिसला की लगेच डोळे मिटायचे, मनात विश मागायची, आणि कुणालाही सांगायची नाही. सांगितली तर ती खरी होत नाही. आजीने हे ऐकलं असतं तर भाचीचा दंड धरून तिला खाली नेलं असतं आणि आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या.

मराठी मुलाची आकाशाशी ओळख होते ती चंद्रामुळे. ताऱ्यांचा नंबर बराच नंतर लागतो. आणि ही ओळख पोटातून होते. कडेवर मूल, हातात वरणभाताची वाटी, अंगणात किंवा आता बाल्कनीत फेऱ्या, आणि 'चांदोबा चांदोबा भागलास का'. चंद्राला उद्देशून काढलेला पहिला शब्द काय, तर दमलास का! हे गाणं मी इतक्यांदा ऐकलं आणि म्हटलं आहे की त्यातला चमत्कारिकपणा कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं. चंद्र निंबोणीमागे लपतो. त्याला मामाच्या चिरेबंदी वाड्यात जेवायला बोलावलं जातं. तूप-रोटीचा बेत आहे. आणि ऐनवेळी तुपात माशी पडते, चांदोबा उपाशी राहतो. संपलं गाणं. ना दुसरं तूप वाढलं, ना कुणी पाहुण्याची समजूत काढली. आमंत्रण देऊन उपाशी घालवलेल्या पाहुण्याचं हे गाणं आपण पिढ्यान्‌पिढ्या लेकरांना जेवताना ऐकवतो आणि लेकरं खदखदून हसतात.

हसतात, कारण मधल्या वेळात ती तूप-रोटी त्यांच्याच तोंडात गेलेली असते. मुलाने चंद्राकडे बघून आ वासला की आईने घास सारला. काऊचा घास, चिऊचा घास हीच युक्ती. खायचं आपण, नाव दुसऱ्याचं. चंद्राच्या वाट्याचं आपल्या पोटात गेलं आहे, हा हिशेब मुलाला पहिल्या वर्षीच कळतो. पुढे मोठेपणी संकष्टी धरली की तो उलटा फिरतो. आता चंद्र उगवेपर्यंत आपण उपाशी. कॅलेंडरात गावागावांची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते आणि पावसाळ्यात ढगांमागच्या, न दिसणाऱ्या चंद्राला त्या छापील वेळेच्या भरवशावर नमस्कार करून लोक पानावर बसतात. मामाने भाच्यावर सूड उगवला म्हणायचं.

मामा तो आहेच. आईला भाऊ नसेल तर ती भाऊबीजेला त्याला ओवाळते, म्हणजे तो आईचा भाऊ, म्हणजे आपला मामा. नात्याचं हे गणित इतकं चोख आहे की त्यात मागण्याला जागाच उरत नाही. मामाकडे हक्काने जायचं असतं. डोळे मिटून गुपचूप इच्छा करणं हे परक्यापाशी.

ताऱ्यांशी माझी ओळख माळवदावर झाली. बार्शीकडचं आमचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री मातीच्या माळवदावर पाणी शिंपडून वाकळा पसरायच्या आणि आजीच्या एका बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण यावरून भांडायचं. वैशाखात सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. आजीच्या आकाशात ऋषी नव्हते. "त्ये बग बाजलं. चार खूर, अन् मागं तीन चोर." चौकोनाचे चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, शेपटीचे तीन तारे म्हणजे बाज पळवायला निघालेले चोर. मला वाटायचं, हे तिनेच रचलं. पुढे कळलं की विदर्भातल्या गोंड समाजातही सप्तर्षींच्या जागी खाटच आहे आणि तिच्यामागे चोरही आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा असलेले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड गावांमध्ये फिरून तिथल्या आकाशाच्या कथा नोंदवल्या, त्यात ती आहे. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राच्या डोक्यावर रोज रात्री चोरी चालू असते आणि ती काही पुरी होत नाही.

तिथेच पहिला तुटता तारा पाहिला. मी ओरडले, "आजी, तारा!" तर तिने माझं तोंड हाताने दुसरीकडे वळवलं. "रामराम म्हन. कुनीतरी गेलं." मी रामराम म्हटलं. खाली गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घाट वाजली. आजी लगेच झोपली आणि मी रात्रभर, म्हणजे मुलं जिला रात्रभर म्हणतात तेवढा वेळ, कोण गेलं असेल याचा विचार करत पडले.

कुणी मोठा माणूस गेला की वर्तमानपत्रं आजही 'तारा निखळला' असंच छापतात. आणि लहान मुलाची आजी गेली की त्याला सांगतात, ती बघ, ती चांदणी झाली. माणूस मेला की तारा पडतो, आणि माणूस मेला की तारा होतो. दोन्ही एकाच घरात, एकाच तोंडाने. मला हे फार दिवस विसंगत वाटत होतं. उलगडा वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मिळाला. सहाव्या शतकात उज्जैनच्या या ज्योतिषाने उल्कांवर अख्खा अध्याय लिहिला आहे आणि सुरुवातच अशी केली आहे की, स्वर्गात आपल्या शुभ कर्मांचं फळ भोगून झाल्यावर खाली पडणाऱ्यांची जी रूपं, त्या उल्का. महाभारतातही इंद्राचा सारथी मातली अर्जुनाला इंद्रलोकी नेताना सांगतो की, खालून जे तारे म्हणून दिसतात ते आपापल्या जागी तेजाने राहणारे पुण्यवान आहेत. म्हणजे क्रम नीट लागतो. माणूस जातो, पुण्य असेल तर तारा होतो, पुण्य सरलं की तारा तुटतो आणि तो परत खाली, कुणाच्या तरी पोटी. आजीची दोन्ही वाक्यं बरोबर होती, फक्त मधला मुक्काम तिने सांगितला नव्हता.

वराहमिहिर पुढे उल्कांचे पाच प्रकार करतो. त्यांतल्या एकीचं नाव चक्क 'तारा': हातभर लांब, पांढरी किंवा तांबूस, कमळाच्या तंतूसारखी, आडवी, खाली नाहीतर वरही वाहत गेल्यासारखी जाणारी. ज्याने हे लिहिलं त्याने पुष्कळ रात्री मान वर करून काढल्या असणार. शकुन-अपशकुनांच्या याद्या वाचताना मला कंटाळा येतो, पण हे निरीक्षण वाचलं की त्या माणसाबद्दल जिव्हाळा वाटतो.

आता या हिशेबाने भाचीचा नियम बघा. ज्याचं पुण्य या क्षणी संपलं, ज्याला आत्ताच जागा खाली करून निघावं लागलं, नेमकं त्यालाच गाठून आपण म्हणायचं की मला काहीतरी दे! सामान डोक्यावर घेऊन निघालेल्या भाडेकरूकडे वर्गणी मागण्यासारखंच हे. आजीचा रामराम त्यापेक्षा मला सभ्य वाटतो.

भाचीच्या बालवाडीत अर्थातच 'ट्विंकल ट्विंकल' होतं. आता ते नसलेली बालवाडी जिल्ह्याच्या ठिकाणीही सापडणार नाही. हात वर करून बोटं उघडमीट करत सगळी पोरं ते म्हणतात. गंमत अशी की, ज्या गाण्यावर साऱ्या जगाची मुलं तारे बघायला शिकली त्या गाण्यात मागणं नाहीच. जेन टेलर नावाच्या इंग्रज मुलीने ही कविता लिहिली. ती १८०६ साली जेन आणि तिची बहीण ॲन या दोघींच्या बालगीतांच्या पुस्तकात छापून आली, तेव्हा जेन तेवीस वर्षांचीही नव्हती. कडवी पाच. आपण एकच म्हणतो. तिसऱ्या कडव्यात अंधारातला वाटसरू ताऱ्याचे आभार मानतो, तू लुकलुकला नसतास तर कुठे जायचं ते मला कळलं नसतं, म्हणून. हे कडवं शाळांनी गाळलं याचं मला वाईट वाटतं. रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या गाडीवानाला कळेल असं तेच एक कडवं आहे. चाल तर तिची नाहीच. ती फ्रान्समधली, १७६१ साली छापलेली, आणि त्याच चालीवर मोझार्टने पुढे पियानोसाठी बारा प्रकार बांधले. आपली पोरं एबीसीडीही त्याच चालीवर म्हणतात, त्यामुळे मधूनच गाडी रूळ बदलते आणि हिऱ्यानंतर एच-आय-जे-के सुरू होतं.

तू आहेस तरी काय, असा त्या कवितेतला प्रश्न. १८०६ मध्ये तो भाबडा नव्हता. पृथ्वीवर कुणालाही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. सूर्य सोडला तर एकाही ताऱ्याचं अंतर तोवर मोजलं गेलेलं नव्हतं. पहिलं विश्वासार्ह अंतर बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८३८ साली काढलं आणि तोवर जेन टेलर जाऊन चौदा वर्षं झाली होती. १८३५ मध्ये ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने तर लिहून टाकलं की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीही कळणार नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रकाशातल्या रेघांवरून मूलद्रव्यं ओळखायची रीत काढली. त्या रेघांवरून ताऱ्याचं तापमान कसं वाचायचं याची किल्ली १९२० मध्ये मेघनाद साहांनी दिली. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका किरकोळ दुकानदाराचा हा मुलगा. त्याचंच समीकरण वापरून १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुणीने दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, आणि तेव्हाच्या बड्या लोकांनी आधी ते मानलं नाही. बालगीतातल्या एका ओळीचं उत्तर द्यायला एकशेएकोणीस वर्षं लागली. लुकलुकणं तर ताऱ्याचं नाहीच, ते आपल्या हवेचं आहे. वर गेलं की तारे स्थिर दिसतात.

मग मागण्याचा भाग आला कुठून? इंग्रजीत दुसरं एक छोटं गाणं आहे, संध्याकाळी दिसलेल्या पहिल्या ताऱ्याला उद्देशून. आज मला दिसलेल्या पहिल्या ताऱ्या, माझी इच्छा पुरी कर, अशा अर्थाचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते अमेरिकेत मुलांच्या तोंडी आहे आणि १९४० साली डिस्नेने लाकडी बाहुल्याच्या चित्रपटात ताऱ्याकडे मागण्याचं गाणं घातल्यावर ही कल्पना घरोघर गेली. वर्षातले कित्येक महिने संध्याकाळचा तो पहिला तारा म्हणजे आपली शुक्राची चांदणी असते. म्हणजे तारा नव्हेच. साडेचारशे अंशांवर तापलेली जमीन, वर गंधकाम्लाचे ढग. इथे अर्ज केलेल्या इच्छांचं काय होत असेल कोण जाणे. आमच्या गावात शुक्र उगवला की मोट जुंपायची वेळ झाली, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो पहाटेचा.

आपल्या आकाशात मागणारे नाहीत असं नाही. आहेत, पण ते वर आहेत. तारेच मागणारे आहेत.

ध्रुवाची गोष्ट आपण मुलांना निश्चयाची म्हणून सांगतो. ती मला नेहमी हट्टाची वाटत आली. पाच वर्षांच्या पोराला बापाच्या मांडीवर बसायचं होतं. सावत्र आई सुरुचीने खाली उतरवलं. आई सुनीतीने हात टेकले. पोर उठून रानात गेलं आणि असं तप करून बसलं की देवाला यावं लागलं. मांडी हवी होती, मिळालं अढळपद. विष्णुपुराणात एक बारीक गोष्ट आहे, जी कीर्तनकार सहसा सांगत नाहीत. देव ध्रुवाला म्हणतो की, तुझी आई सुनीतीसुद्धा तारका होऊन तितकाच काळ तुझ्याजवळ राहील. मला वाटतं, साऱ्या कथेत त्या पोराला हवं होतं त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. बाकी अढळपदाची गोष्ट जरा सांभाळून घ्यावी लागते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे सव्वीस हजार वर्षं लागतात, आणि ध्रुवाची गादी तेवढ्या काळात बऱ्याच ताऱ्यांकडे जाते. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा ती कालेय तारकासमूहातल्या ठुबान या मंद ताऱ्याकडे होती. अजून बारा हजार वर्षांनी ती अभिजितच्या आसपास येईल.

अभिजितचं मागणं तर आणखी निराळं. महाभारताच्या वनपर्वात इंद्र स्कंदाकडे एक अडचण घेऊन येतो. रोहिणीची धाकटी बहीण अभिजित, तिला मोठेपण हवं आहे. त्या स्पर्धेपायी ती तप करायला वनात निघून गेली आहे, आकाशातून एक नक्षत्र गळालं आहे आणि आता काळाचा हिशेब कसा बसवायचा? या श्लोकांवरून पंचांगवाल्यांनी आणि पुरातन काळ शोधणाऱ्यांनी केलेले वाद मला नीट झेपत नाहीत. मला दिसते ती धाकटेपणाला कंटाळलेली मुलगी. घरात दोन बहिणी असतील तर यात पुराण काहीच नाही.

याच अभिजितकडे जपानमधली मुलं मागणं मागतात, तिथे तिचं नाव ओरिहिमे. ती कापड विणणारी, आकाशगंगेच्या पलीकडच्या काठावरचा हिकोबोशी गुराखी. प्रेमात पडून दोघं काम विसरली म्हणून बापाने त्यांना नदीच्या दोन तीरांवर ठेवलं, आणि वर्षातून एकच भेट दिली, सातव्या महिन्याच्या सप्तमीला. तो गुराखी म्हणजे आपलं श्रवण नक्षत्र, ज्याच्यावरून आपल्या महिन्याचं नाव पडलं. तानाबाता या सणाला मुलं रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूच्या फांद्यांना बांधतात. सेंदाई शहरात हा सण ऑगस्टच्या ६ ते ८ तारखांना होतो आणि बाजारच्या बाजार कागदी झुंबरांनी भरून जातात. ही चाल मुळात चीनमधून गेलेली, आणि तिथे मुली या विणकरणीकडे मागायच्या ते हाताचं कसब: सुई नीट चालू दे, टाका बारीक येऊ दे. जी स्वतः विणते तिच्याकडे विणकाम मागायचं, हे मला पटतं. मागणं आपल्या पोचण्यासारखं आहे आणि तिच्या देण्यासारखं. पाऊस पडला तर त्या दोघांची भेट हुकते म्हणतात, त्यामुळे मुलं त्यांच्यासाठीही चांगल्या हवेचं मागणं करतात. इथे पुन्हा वरच्यांची काळजी खालच्यांना.

पावसावरून आठवलं. इटलीत १० ऑगस्टला संत लोरेन्झोच्या रात्री लोक डोंगरावर, समुद्रकाठी जाऊन पडून राहतात आणि तुटत्या ताऱ्यांकडे मागणी मागतात. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी तेव्हा जाते आणि १२-१३ ऑगस्टच्या सुमारास हा वर्षाव ऐन भरात असतो. आपल्याकडे तेव्हा श्रावण, नाहीतर आषाढाची अखेर किंवा अधिक महिना, काही झालं तरी ढग. जगातला सगळ्यात प्रसिद्ध मागण्याचा हंगाम महाराष्ट्राच्या वाट्याला छत्रीखाली येतो. आपल्याकडे ताऱ्याला मागायची चाल का पडली नाही याचं खरं कारण वराहमिहिर नसून कोकणावरून येणारा पाऊसच असेल, अशी मला शंका आहे.

मागत आपणही होतो, पण जमिनीवर. संध्याकाळी बगळ्यांची माळ घरी निघाली की आम्ही दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत 'बगळ्या बगळ्या कवडी दे' ओरडत धावायचो. नखावर पांढरा ठिपका उमटला की नवे कपडे मिळणार. पापणीचा केस गळला तर तो मुठीवर ठेवून फुंकायचा. तिन्हीसांजेला घरात अभद्र बोलायचं नाही, कारण वास्तू 'तथास्तु' म्हणत असते. ती चांगलं-वाईट पारखत नाही, ऐकलं की शिक्का मारते. या वास्तूचा मला देवापेक्षा जास्त धाक होता. आणि मोठ्यांचं मागणं म्हणजे नवस. तो मनात ठेवायचा नसतो. चारचौघांत बोलायचा, अटीसकट. मुलगा पास होऊ दे, पाच नारळ फोडीन. लेकीचं बाळंतपण सुखाचं होऊ दे, खण-नारळाने ओटी भरीन. काम झालं आणि नवस फेडायचा राहिला तर घरात पुढे जे जे बिघडेल ते त्याच खात्यावर. भाचीच्या पद्धतीत गुप्तता आहे आणि फुकटेपणा आहे. आपल्याकडे साक्षीदार लागतात आणि उधारी लागते. फुकट मागायची लाज वाटणाऱ्या लोकांनी काढलेली ही सोय आहे, आणि तिचं पुढे जे बाजारू रूप झालं ते धरूनही मला ती बरी वाटते.

डिसेंबरात भाचीला घेऊन भोरच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर गेलो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का येतात, आकाश स्वच्छ असतं, थंडी मात्र हाडात जाते. या उल्का फेथन नावाच्या लघुग्रहाच्या कचऱ्याच्या. वाळूच्या कणाएवढे, फार तर वाटाण्याएवढे खडे सेकंदाला पस्तीस किलोमीटर वेगाने हवेत घुसतात. ऑगस्टातल्या उल्कांच्या मानाने हे सावकाशच, म्हणून त्या दिसतात छान. भाचीने पहिल्याच उल्केला मोठ्याने ओरडून कुत्र्याचं पिल्लू मागितलं. गुप्ततेचा नियम थंडीत विरघळला. दुसरीला पुन्हा पिल्लू, तिसरीलाही. तिची आई प्रत्येक वेळी "नाही" म्हणत होती. मी आपली तोंडातल्या तोंडात रामराम म्हणत होते. सवयच ती.

ताऱ्याकडे मागून मिळालेलं मी एकदाच पाहिलं आहे, आणि तो तारा नव्हता. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशात पावणेआठच्या सुमाराला लोकांनी आकाशात जळत जाणारी एक रांग पाहिली. सावकाश, तुकडे होत, लांबच लांब. मोबाइल बाहेर निघाले, उल्कावर्षाव म्हणून चित्रफिती फिरल्या. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलेलं सापडलं. नंतर आसपास धातूचे गोळेही मिळाले. अवकाशात कोण काय सोडतं याचा माग ठेवणाऱ्यांनी सांगितलं की, वर्षभरापूर्वी उडालेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा टप्पा परत येताना जळाला, त्याचे हे अवशेष असावेत. विदर्भाला वरून काही पडायची सवय आहे म्हणा, लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर तिथेच आहे.

अकोल्याच्या माझ्या मावसबहिणीच्या घरचे सगळे त्या वेळी गच्चीवर होते. गुढी नुकतीच उतरवलेली, साखरेच्या गाठीवरून पोरांची ओढाताण चाललेली. तिच्या मुलाने ती जळती रांग पाहिली आणि शाळेत शिकल्याप्रमाणे डोळे मिटून सायकल मागितली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकल आली. ती त्याच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलेली होती, हा भाग वेगळा. पोराने मात्र विजयाने सगळ्यांना सांगितलं की ही त्या ताऱ्याची.

त्याच्या आजीने तेवढंच ऐकलं. "मांगतलं व्हतं न तुनं? मंग फेडाले लागते."

घरात वाद पेटला. फेडायचं कुणाला? तारा असता तर एक वेळ काहीतरी सुचलं असतं. हे तर रॉकेट. वडील म्हणाले, चीनला मनीऑर्डर करू. पोराचं म्हणणं, लाडबोरीला जाऊन त्या कड्याला नारळ फोडू, पण ते सरकारी लोकांनी ताब्यात घेतलं होतं. बहीण म्हणाली, आई, तो काही देव नव्हता, भंगार होतं. आजी ढिम्म हलल्या नाहीत. भंगाराचं भंगार पाहील, आपण मागितलं ते आपण बघायचं. शेवटी अर्धा किलो पेढे आणले आणि नव्या सायकलला डबा लटकवून पोराला गल्लीत वाटायला पाठवलं. गल्ली अर्धी व्हायच्या आत डबा रिकामा घेऊन तो परत आला. दर घरी एक त्यांना आणि एक ताऱ्याच्या नावाने स्वतःला, असं त्याने वाटप केलं होतं.